नीरेच्या उलट्या वाटेनं: मामांबरोबर सोलापूर ते वरंधा घाट

दर पावसाळ्यात सोलापूरच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. वीर धरणातून नीरेत पाणी सोडलं, उजनीतून भीमेत सोडलं, संगमाच्या पुढे दोन्ही मिळून इतके हजार क्युसेक, नदीकाठच्यांनी सावध राहावं. लहानपणापासून ही बातमी वाचतोय. पण हे वीर नेमकं कुठं आहे, आणि पंढरपूरचं वाळवंट पाण्याखाली घालणारी नीरा निघते कुठनं, हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या भागाला टाकळीकडून पाणी येतं, म्हणजे भीमेचंच, आणि तेही चार-पाच दिवसांआड. नळ आला की घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून एकेक भांडं धरतं. ते पाणी कुठल्या डोंगरावरून येतं ते एकदा बघून यावं, असं फार दिवस मनात होतं.

मामांचं कारण वेगळं. मामा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग चालते ठेवणारे. आषाढात रजा टाकून माउलींच्या पालखीबरोबर चालायचे. अशा एकोणीस वाऱ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि वारी थांबली. एका संध्याकाळी अंगणात बसलो असताना ते म्हणाले, "नीरेत एकोणीस वेळा बुडी मारली रे, पण ती कुठनं येती ते काय ठावं नाही." दुसऱ्या दिवशी मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

गाडी माझी नेहमीची, दीडशे सीसीची. मागं मामा, दोन्ही बाजूंना एकेक पिशवी. पिशवीत रेनकोट, मामींनी दिलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मामांचा वारीतला पितळी तांब्या. गणपती उठले होते, घट बसायला आठ-दहा दिवस होते. पावसाचा जोर ओसरलेला असतो पण डोंगर अजून हिरवे असतात, ते हे दिवस. सोलापूरहून घाटाकडं निघणाऱ्यानं हेच दिवस धरावेत असं मला वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये वरंधा घाट दरडींमुळं बऱ्याचदा बंद ठेवतात, आणि उघडा असला तरी धुक्यात काही दिसत नाही.

दिवस पहिला: सोलापूर ते फलटण

पहाटे साडेपाचला निघालो. मोहोळपर्यंत हायवे, तिथून पालखी महामार्ग. पंढरपूरला पोचलो तेव्हा ऊन नुकतं पिवळं झालं होतं. मुखदर्शन घेतलं आणि थेट नदीवर. चंद्रभागा तांबूस, गढूळ, काठोकाठ. पुंडलिकाच्या देवळाच्या पायऱ्यांना पाणी लागलेलं. मामांनी तांब्या काढला, मग परत पिशवीत ठेवला. "हितलं नको. वरनं आणू."

इथून पुढचा सगळा रस्ता मामांना पायांनी पाठ. फक्त तो उलटा चालला होता. ते मागून खांद्यावर हात ठेवून दाखवत होते: वाखरी, हितं शेवटचं रिंगण. ही बाजीरावाची विहीर. भंडीशेगाव. ही ठाकूरबुवांची समाधी, हितं माउलींचा अश्व धावला की माती कपाळाला लावायची. ताशी सत्तरनं आम्ही त्यांचा दोन-तीन दिवसांचा रस्ता तासाभरात उरकत होतो आणि त्यांना ते पटत नव्हतं, हे मला पाठीला कळत होतं. म्हणून वेळापूरला मुद्दाम थांबलो. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ तिथं आहे. दगडी मंडपात उन्हातून आत गेलं की अंगावर गार हात फिरवल्यासारखं वाटतं. मामा एवढ्या वेळा वेळापूरला मुक्कामाला येऊन गेले, पण गर्दीमुळं ही मूर्ती त्यांनी इतक्या निवांतपणे पहिल्यांदाच पाहिली.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगतो. रस्ता आता चौपदरी, गुळगुळीत, गाडीला फार सोयीचा. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. मामा एका ठिकाणी म्हणाले, थांब. तिथं काहीच नव्हतं, दुभाजक आणि कठडा. "हितं वड होता. आमच्या दिंडीची शिदोरी हितंच सुटायची." आता लावलेली रोपं कंबरेएवढी आहेत. आषाढात दुपारी इथून चालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना सावली मिळायला अजून किती वर्षं लागतील, हा हिशेब कुणीतरी झाडं तोडायच्या आधी करायला हवा होता.

अकलूजला जेवून नीरा नरसिंहपूरकडं वळलो. वाट थोडी वाकडी पडते, अकलूजपासून वीसेक किलोमीटर, पण ज्याला भीमा-नीरेचं काही देणंघेणं आहे त्यानं ती चुकवू नये. नीरा आणि भीमा इथं मिळतात. टोकावर लक्ष्मी-नरसिंहाचं किल्ल्यासारखं भक्कम देऊळ आणि खाली नदीत उतरणारे घाट. पलीकडच्या तीरावरचं सोलापूर जिल्ह्यातलं गाव, त्याचं नावच संगम.

घाटावर बसून पाहिलं तर दोन पाण्यांचे रंग वेगळे. भीमेचं पाणी उजनीत महिनोन्‌महिने साठून आलेलं, हिरवट. नीरेचं नवं, तांबूस, डोंगराची माती घेऊन आलेलं. थोडं अंतर दोघी शेजारी शेजारी वाहतात, मधली रेघ स्पष्ट दिसते, मग ती हळूहळू पुसट होते. मासे धरणारा एक माणूस जाळं झाडत होता. तो म्हणाला, "वीरचं पाणी आलं की लाल होतंय, आणि थंड. हात घालून बघा." मामांनी घाटाच्या दोन्ही अंगाला जाऊन खरंच हात घालून पाहिला. नीरेचं पाणी गार होतं.

परत अकलूज, माळशिरस, नातेपुते. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधेच नीरेचा उजवा कालवा. माळशिरस तालुका मुळात आपल्यासारखाच कमी पावसाचा. हा हिरवेपणा सगळा कालव्याचा. धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते, आम्ही तिथून बाहेर पडलो. फलटणला राममंदिराजवळ लॉज मिळाला. मामांचे गुडघे सुजले होते. रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून शेकले.

वयस्क माणसाला मागं बसवून लांब जाणार असाल तर दर पाऊण तासानं थांबा, आणि त्यांच्या पायांना आधार मिळेल असे फूटरेस्ट आहेत का ते आधी बघून घ्या. हे मला पहिल्या दिवशी संध्याकाळी कळलं.

दिवस दुसरा: फलटण ते भोर

सकाळी लोणंदला कांद्याचे ट्रक आडवेतिडवे लागलेले, त्यातून वाट काढून नीरेला. गावाचं नावही नीरा, नदीचंही. इथं दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. मामा घाटावर उतरले ते काठी न घेता. पाणी पायरीच्या वर होतं, वेग होता, म्हणून मी त्यांना बुडी मारू दिली नाही. त्यांनी वाद घातला नाही. पायरीवर बसून ओंजळीनं डोक्यावर पाणी घेतलं, एकदा, दोनदा, बऱ्याचदा. मी मोजलं नाही, त्यांनी मोजलं असणार.

तिथून वीर. पेपरातलं वीर! भरलेलं धरण, लांबलचक मातीचा बांध, आणि दरवाज्यातून पडणारं पाणी. त्या दिवशी फार नव्हतं, एकाच बाजूनं सोडलेलं. तरी त्याची धग, म्हणजे गार धग, रस्त्यावर उभं राहूनही तोंडाला लागत होती. धरणाचे फोटो काढायला मनाई आहे, पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, लांबून डोळे भरून बघा. वीरची साठवण साधारण साडेनऊ टीएमसी, म्हणजे साडेनऊ अब्ज घनफूट. आपल्या ११७ टीएमसीच्या उजनीपुढं हे धरण लहान, म्हणून घाटमाथ्यावर मोठा पाऊस झाला की ते लगेच भरतं आणि पाणी खाली सोडावंच लागतं. पंढरपूरच्या पुराच्या बातमीत वीरचं नाव सारखं का असतं, ते तिथं उभं राहिल्यावर समजलं. इथूनच दोन कालवे निघतात. डावा बारामती-इंदापूरकडं जातो, आणि उजवा काल आम्ही ज्याच्या कडेनं आलो तो.

शिरवळला पुणे-सातारा हायवे लागला. सारोळ्याच्या पुलावर पुन्हा नीरा ओलांडली. हायवेवर गाड्यांचा नुसता मारा, दुचाकीवाल्यानं डावी कड सोडू नये. कापूरहोळला वळायचं होतं. हे गाव संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊंचं. पण आधी पाच-सहा किलोमीटर पुढं जाऊन नसरापूरजवळचं बनेश्वर पाहिलं. गर्द झाडीत शंकराचं पेशवेकालीन देऊळ आणि मागं नदीवर धबधबा. उंच नाही, पण काळ्या कातळावरून पाणी रुंदच्या रुंद घसरतं. सोलापूरच्या माणसाला एवढी सावली आणि एवढा आवाज एकाच जागी मिळाला की बोलणं सुचत नाही. शनिवार-रविवारी तिथं गर्दी फार असते, आम्ही गेलो तो मंगळवार.

कापूरहोळ ते भोर हे चौदा-पंधरा किलोमीटर मात्र सावकाश जा. वाटेत नेकलेस पॉइंट लागतो. खाली नीरा अशी वळलीय की गळ्यातला हार काढून हिरव्या शालूवर ठेवावा. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडं ही सरळ येती. हितं खेळती."

पुढं भाटघर. हे धरण नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर, इंग्रजांच्या काळातलं, १९२८ साली पुरं झालेलं. सगळा दगडी बांध, आणि पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडणारे दरवाजे. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. साडेतेवीस टीएमसी पाणी इथं साठतं. मामांना यंत्राची आवड. माणूस न लागता दरवाजा उघडतो कसा, हे त्यांनी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारलंच. त्यानं हातानं तराजूसारखं करून दाखवलं: इकडं पाणी भरलं की हे वजन खाली, दरवाजा वर. मामा म्हणाले, "म्हणजे आमच्या मागासारखंच. सूत तुटलं की पट्टी पडती आणि माग आपोआप थांबतो." तो माणूसही खूश झाला.

मुक्काम भोरला. जेवायला घरगुती खानावळ. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, आणि भात असा की ताट समोर यायच्या आधी वास आला. मामांनी भात तीनदा घेतला. आमच्याकडं ज्वारीपुढं भाताला कोण विचारतो, पण या मावळातला भात निराळाच. वाढणाऱ्या काकूंना मामींची शेंगाचटणी दिली. सकाळी त्यांनी डबा परत देताना त्यात गूळपोहे भरून दिले.

दिवस तिसरा: उगम, घाट आणि शिवथरघळ

भोरला टाकी फुल करून घ्या. पुढं घाटात पंप नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि रुंदीकरणामुळं काही ठिकाणी नुसता चिखल. घाट चालू आहे का ते आदल्या रात्री खानावळीत आणि सकाळी एस.टी. स्टँडवर, असं दोनदा विचारलं. लहान गाड्यांना सोडत होते.

सहाला निघालो. थोड्या वेळात नीरा-देवघर धरण, आणि मग त्याचं पाणी डाव्या हाताला कितीतरी किलोमीटर सोबत चालतं. पाण्यावर धुकं, पलीकडच्या डोंगरावर पांढऱ्या रेघा. आधी वाटलं पायवाटा असतील. जवळ गेल्यावर कळलं, धबधबे. मोजायला लागलो, सतराला सोडून दिलं. भातखाचरं पोटरीला आलेली, बांधांवर तेरड्याचा जांभळा आणि सोनकीचा पिवळा रंग. पाऊस पडतोय असं म्हणावं तर नाही, पण चष्मा सारखा पुसावा लागत होता.

हिर्डोशीच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. तिथं घोंगडी घेतलेले एक आजोबा बसले होते, सत्तरीच्या पुढचे. कुठले, विचारलं. सोलापूर म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजी आमचं पाणी पिणारे तुम्ही." मग सांगायला लागले. त्यांची खाचरं धरणात गेली. भावाला खाली फलटणकडं जमीन मिळाली, तो गेला. हे राहिले, वरच्या तुकड्यावर. "आता बघताय ते हिरवं. चैतात या. आमच्या बायका हंडं घेऊन झऱ्यावर रांगेत बसत्यात. पाऊस इतका पडतोय की गुरं आत बांधावी लागत्यात, पर पाणी थांबत न्हाई. सगळं तुमच्याकडं पळतंय."

मामा उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ येतो, ते त्यांनी सांगितलं. आजोबांना ते खरं वाटेना. एवढं पाणी जातं ते मुरतं कुठं, हा त्यांचा प्रश्न. ऊस, मामा म्हणाले. मग दोघंही गप्प बसून चहा प्यायले. निघताना आजोबांनी आमच्याकडून चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

शिरगावच्या बाजूला नीरबावी आहे, नीरेचा उगम मानतात ती जागा. पाटी शोधण्यापेक्षा गावात विचारा. गुरं घेऊन निघालेल्या एका शाळकरी पोरानं आम्हाला वाट दाखवली. चिखलातून, आंब्या-जांभळांच्या झाडीतून थोडं चालावं लागलं. मामांचा हात माझ्या खांद्यावर.

लहानसं कुंड. काठ शेवाळलेले. पाणी इतकं स्वच्छ की तळातलं पान दिसत होतं, पानावरच्या शिरांसकट. एका कडेनं ते बाहेर पडत होतं, मनगटाएवढं जाड. त्याच्यापुढं दगड आला की वळसा घालत होतं. संगमाला पाहिलेली ती अर्धी नदी, पंढरपूरच्या पायऱ्या बुडवणारी, तिचं हे एवढंसं रूप. मामा खाली वाकले, गुडघा टेकला, जो त्यांनी दोन वर्षांत टेकला नव्हता. तांब्या भरला. तोंडावर पळसाचं पान ठेवून दोऱ्यानं बांधलं. मग त्या पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "माउलींच्या पादुका हिच्याच पाण्यानं न्हातात की रे." त्यांचा आवाज बसला होता. मी दुसरीकडं बघत राहिलो.

पुढं वाघजाईचं देऊळ आणि घाटाचा माथा. भज्यांच्या टपऱ्या, माकडं (पिशव्या बंद ठेवा, आमच्या गूळपोह्यांचा निम्मा डबा गेला), बाजूला कावळ्या किल्ल्याचा डोंगर. धुकं फाटलं की खाली एकदम कोकण उघडतं. दरीतून ढग वर येत होते. समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी खालून येणाऱ्या वाऱ्यानं उलटं वर उडत होतं. टपरीवाल्या मावशींनी कांदाभजी आणि चहा दिला, आणि मामांच्या विचारण्यावरून माथ्यावरची रेघ बोटानं दाखवली. तिच्या अलीकडं पडलेला थेंब नीरेला, भीमेला, कृष्णेला, पार पूर्वेच्या समुद्राला. पलीकडं पडलेला सावित्रीला मिळून दिवसभरात अरबी समुद्रात. मामा त्या रेघेकडं बघत म्हणाले, "वितभर वाऱ्यानं पंढरी चुकली म्हणायची."

घाट उतरून बारसगाव फाट्यावरून शिवथरघळीला गेलो. समर्थांनी दासबोध इथं सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असं परंपरा सांगते. घळ मधे विसरली गेली होती. धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती १९३० साली शोधून काढली. पायऱ्या बऱ्याच आहेत पण कठडा आहे, मामा बसत बसत आले. घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळतो. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आत मात्र थोडं सरकलं की तोच आवाज दूर जातो आणि एकसारखा घुमत राहतो. आम्ही अर्धा तास बसलो. वारकरी माणूस, ओठ हलत होते, कोणता अभंग ते पाण्यानं कळू दिलं नाही. इथं प्रसादाची आणि राहायची सोय आहे. मामांसारखं कुणी बरोबर असेल तर इथंच मुक्काम करावा, दिवसभरात घाट दोनदा करू नये. आम्ही केला आणि तिथंच चुकलं.

परत चढताना, वाघजाईच्या खाली पाऊण किलोमीटरवर, वळणावर क्लच दाबला आणि लिव्हर सैल पडला. वायर तुटली होती. दुपारचे साडेचार, धुकं दहा हातांवर आलेलं. जादा वायर मी घरून घेतली होती, पण ती दुसऱ्याच मॉडेलची निघाली. दुकानात पुडी उघडून न बघता घेतली, त्याचं फळ. मामांना म्हटलं, तुम्ही कड धरून सावकाश या, मी क्लचशिवाय एकटा वर नेतो आणि माणूस घेऊन येतो. गाडी उतारावर फिरवून पहिल्या गिअरमध्ये ढकलून चालू केली, पुढच्या सपाटीला परत फिरवली आणि न थांबता वर नेली.

वाघजाईला मावशींच्या मुलानं नुसतं बघूनच ओळखलं. वायर मधे तुटली नव्हती, लिव्हरपाशी तारेच्या टोकाला जी शिशाची गोळी असते ती निखळली होती. त्यानं टपरीतल्या बल्बच्या जोडणीतला एक छोटा पितळी कनेक्टर काढला. तार त्यातून ओवली, दोन्ही स्क्रू आवळले, वर उरलेली तार परत वळवून पुन्हा एकदा आवळली, आणि तो कनेक्टर गोळीच्या खाचेत बसवला. दहा मिनिटं. टपरीतला दिवा गेला तो गेलाच, त्यांनी मेणबत्ती लावली. पैसे देऊ केले तर मावशी म्हणाल्या, "आजोबास्नी आधी आणा."

मी खाली जायला निघालो तोच धुक्यातून आवाज आला. मामा गात येत होते. एक हात कठड्याला, एका हातात तांब्या. गाडीवर सांडेल म्हणून तो त्यांनी पिशवीतून काढून घेतला होता. पाऊण किलोमीटर चढ चालले होते. "वारीत यापेक्षा जास्त चाललोय," एवढंच म्हणाले. मावशींनी त्यांना चुलीपाशी बसवलं, गुडघ्यांना तेल लावायला दिलं. अंधार पडायच्या आत हिर्डोशी गाठलं, आठला भोर. तो कनेक्टर सोलापूरपर्यंत टिकला.

क्लच आणि अॅक्सिलरेटरची आपल्याच गाडीची वायर, असे दोन-तीन कनेक्टर, दहा-बाराचा पाना आणि पक्कड, एवढं घाटात जाताना ठेवाच. आणि वायर दुकानात जुनीशी लावून बघा.

दिवस चौथा: भोर ते सोलापूर

भोरहून आंबवडे, मांढरदेवीचा घाट आणि वाई. उजवीकडं रायरेश्वराचं पठार ढगात गेलेलं. वाईला कृष्णा ओलांडली, ढोल्या गणपतीला हात जोडले, साताऱ्याला कंदी पेढे घेतले. कोरेगावपर्यंत हिरवं. पुसेगावनंतर डोंगर बोडके व्हायला लागतात आणि गोंदवले-म्हसवडला येईपर्यंत माळ आपल्या ओळखीचा होतो, बोरी, बाभळी, उघडे ओढे. सकाळी अंगावर स्वेटर होता, दुपारी शर्ट पाठीला चिकटला. महाबळेश्वरकडं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सोलापूरला साडेपाचशेच्या आसपास, हे शाळेत वाचलं होतं. गाडीवरून ते चार तासांत कातडीला कळतं. म्हसवडला माणगंगेत जेमतेम धार होती. तीही पुढं सरकोलीजवळ भीमेलाच मिळते.

पंढरपूरला दिवेलागण झाली होती. नदीचं पाणी चार दिवसांत हातभर उतरलं होतं. मामांनी दोरा सोडला, पान काढलं आणि निम्मा तांब्या चंद्रभागेत ओतला. निम्मा ठेवला.

चार दिवसांत मीटरवर ७९० किलोमीटर भरले. पेट्रोल साडेसतरा लिटर.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गल्लीत सगळ्या दारांत दिवे, मोटारींचा आवाज, पायऱ्यांवर घागरी. नळ आला होता. मामींनी दारातूनच सांगितलं, आधी ते मोठं पिंप लावा, अकराला जातंय. मामांनी तांब्या देवापाशी ठेवला, बाह्या वर केल्या आणि पाइप पिंपात धरला.